शकुंतला ते बिटकॉइन : कर कुणी घ्यायचा आणि कुणी भरायचा?

आपल्या चळवळीतल्या तरुणांना कायदा म्हटला की तीन गोष्टी आठवतात : संविधान, आरक्षण आणि ॲट्रॉसिटी. यात नवल नाही. ज्या कायद्याने अंगावर येणारा हात थांबतो, तोच कायदा माणूस आधी शिकतो. पण गेली काही वर्षे आम्ही आमच्या बैठकांतून एक मुद्दा रेटून मांडतो आहोत, आणि तो निघाला की निम्मे कार्यकर्ते चहाला उठतात. मुद्दा असा की कराचा कायदा, त्यातही देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या पैशावरच्या कराचा कायदा, हा आंबेडकरी माणसाचा विषय आहे. तो सीए मंडळींवर आणि शेठजींच्या मुनिमांवर सोडून देण्यासारखा नाही.

"यवतमाळात बसून कसला आंतरराष्ट्रीय कर?" असे विचारणारे भेटतात. त्यांना आम्ही आधी शकुंतलेकडे नेतो.

शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणारी आपली अरुंद मापाची रेल्वे. आपल्या आज्या-पणज्यांनी तिच्यातून प्रवास केला, आपण तिच्यावर गाणी आणि विनोद केले. पण ती प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. गेल्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती बांधली ती वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी. १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली आणि भारतीय रेल्वे करारानुसार तिला पैसे मोजत राहिली.

आता साधा प्रश्न विचारा. कापूस यवतमाळचा, वेचणाऱ्या बाया यवतमाळच्या, गाडीत गाठी भरणारे हमाल यवतमाळचे. नफा मात्र समुद्रापलीकडचा. मग त्या नफ्यावर कर घेण्याचा हक्क कुणाचा? जिथे तो कमावला गेला त्या मुलखाचा, की जिथे मालक राहतो त्या मुलखाचा? आंतरराष्ट्रीय करकायदा म्हणजे मुळात या एका प्रश्नावरचे शंभर वर्षांचे भांडण आहे. बाकीची कलमे, करार आणि जाडजूड पुस्तके या भांडणाचीच पिल्ले.

आणि या भांडणाच्या पहिल्या पानावर आपल्या ओळखीचे एक नाव आहे.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना विचारले की एकाच उत्पन्नावर दोन देश कर मागू लागले तर काय करावे. रॉटरडॅमचे ब्रुइन्स, तुरिनचे आयनाउदी, लंडनचे सर जोसाया स्टॅम्प आणि कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन. या चौघांचा अहवाल १९२३ साली आला. आजच्या दुहेरी कर टाळणाऱ्या करारांची मुळे तिथपर्यंत जातात. अहवालाचा कल एकंदरीत मालकाच्या, भांडवल पुरवणाऱ्याच्या देशाकडे होता. भारत राष्ट्रसंघाचा सदस्य होता खरा, पण त्याच्या वतीने बोलणारी माणसे ब्रिटिश सरकारने नेमलेली. वऱ्हाडच्या कापूसवाल्याला तिथे कोण विचारणार?

हे सेलिग्मन म्हणजे बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू. बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली लंडनमधून पुस्तकरूपाने निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची. म्हणजे देशादेशांत कर कसा वाटून घ्यावा हे गुरू ठरवत होते, त्याच काळात साम्राज्य सरकार आणि प्रांत यांच्यात महसूल कसा वाटला गेला याचा हिशेब शिष्य मांडत होता. दोघांचा विषय एकच : कोण उकळतो आणि कोण खर्च करतो. फरक इतकाच की शिष्याने हा हिशेब ज्यांच्याकडून वसुली होते त्यांच्या बाजूने पाहिला.

आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो. ते अर्थतज्ज्ञ होते हेही सहा डिसेंबरच्या फलकांवर लिहितो. पण १९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, कायदा शिकवणारे प्राध्यापक होते, आणि पैसा, चलन, महसूल यांवर तीन ग्रंथ लिहिलेला माणूस तो कायदा शिकवत होता, ही जोडणी आपण क्वचितच करतो. आपल्या पोरांनी एक तर एलएल.बी. करावे नाही तर बँकेची परीक्षा द्यावी, असे आपणच दोन डबे करून ठेवले आहेत.

जुने भांडण आज कसे चालते त्याचे मोठे उदाहरण मुंबईतूनच सुरू झाले. २००७ साली व्होडाफोनने हचिसनचा भारतातला मोबाइल धंदा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. धंदा भारतात, टॉवर भारतात, ग्राहक भारतात. पण कागदावर विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. म्हणून भारतात कर देणे लागत नाही, असा दावा. आयकर खात्याने सुमारे ११ हजार कोटी रुपये मागितले. मुंबई उच्च न्यायालय २०१० मध्ये खात्याच्या बाजूने गेले, सर्वोच्च न्यायालय जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने. मग संसदेने त्याच वर्षी मागच्या तारखेपासून लागू होणारी दुरुस्ती केली, २०२० मध्ये हेगच्या लवादाने निकाल भारताविरुद्ध दिला, आणि २०२१ मध्ये सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली. मागच्या तारखेने कर लावणे योग्य की अयोग्य यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. आमचाही त्या दुरुस्तीवर आक्षेप आहे. आज कंपनीवर मागच्या तारखेने येईल ते उद्या कुणावरही येईल. पण ११ हजार कोटी हा आकडा लक्षात ठेवा. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले तेव्हा आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. ते बरोबरच होते. पण तिजोरीतून काय गेले यावर जितके बोललो, त्याच्या शतांशानेही तिजोरीत काय आलेच नाही यावर आपण बोलत नाही.

इंटरनेटने प्रश्न आणखी अवघड केला. शकुंतलेला निदान रूळ होते. कंपनीला इथे यावे लागत होते, स्टेशन बांधावे लागत होते. आज दारव्ह्याचा कापड दुकानदार किंवा पुसदचा शिकवणी वर्गवाला फेसबुकवर जाहिरात देतो, तेव्हा पैसे घेणाऱ्या कंपनीला जिल्ह्यात एक खुर्चीही ठेवावी लागत नाही. यावर भारताने २०१६ मध्ये ऑनलाइन जाहिरातींच्या पैशावर ६ टक्के समानीकरण शुल्क लावले. लोक त्याला गूगल टॅक्स म्हणत. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर २ टक्के लावले. अमेरिकेने चौकशी लावली, हा कर आपल्या कंपन्यांशी भेदभाव करतो असे २०२१ मध्ये जाहीर केले आणि आयात शुल्काची भीती घातली. २ टक्क्यांचे शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये गेले, ६ टक्क्यांचे एप्रिल २०२५ मध्ये गेले. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. वस्त्रोद्योगाला दिलासा, हे कारण. पण सीतादहीच्या आसपास आपल्याकडे पहिला कापूस घरात येतो, तेव्हाच बाहेरच्या गाठींना दार उघडे. आपला कास्तकार मात्र कृषी केंद्रातून कीटकनाशकाचा डबा घेतो तेव्हा १८ टक्के जीएसटी मुकाट्याने मोजतो. त्याच्यासाठी कुणी चौकशी लावत नाही.

कीटकनाशकाचे नाव निघाले म्हणून सांगतो. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांच्यापैकी काहींच्या घरच्यांना २०२० साली दाद मागायला स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे न्यायालय गाठावे लागले, कारण सिंजेंटा कंपनीचे मुख्यालय तिथे. कंपनीने आरोप नाकारले. तो खटला कराचा नाही, पण गाठ तीच आहे : माणसे इथे मरतात, कंपनी कायद्याने तिकडे राहते.

आता बिटकॉइनकडे येऊ, कारण तरुण वाचक त्यासाठीच इथवर आला असेल.

ओम्री मारियन हे अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी २०१३ साली, बिटकॉइन म्हणजे काय हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नव्हते तेव्हा, एक छोटा लेख लिहिला. प्रश्न असा : आभासी चलने ही करचोरांची नवी, अधिक पक्की बेटे ठरतील का? त्यांची मांडणी सोपी आहे. केमनसारख्या करमुक्त बेटांना दोन गोष्टी लागतात. तिथे कर नसला पाहिजे आणि मालकाचे नाव झाकलेले असले पाहिजे. आभासी चलनात या दोन्ही गोष्टी आहेत, आणि वर एक जास्तीची : मध्ये बँक लागत नाही. सरकारे करचोरांना पकडत आली ती बँकांची मान धरून. बँकच नसेल तर मान कुणाची धरणार?

पुढे झाले असे की बहुतेक लोक क्रिप्टो घेतात ते कुठल्यातरी एक्सचेंजच्या ॲपवर. म्हणजे मध्यस्थ परत आला. सरकारांनी त्याचीच मान धरली. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, जिला श्रीमंत देशांचा क्लब म्हणतात, क्रिप्टोची माहिती देशादेशांत आपोआप देण्याची चौकट तयार केली आहे आणि भारतही २०२७ पासून तिच्यात येतो आहे. आम्हाला यात एक गोम दिसते. जो मोठा आहे, ज्याच्याकडे वकील आणि परदेशी कंपन्या आहेत, तो आपले चलन ॲपबाहेर, स्वतःच्या चावीखाली ठेवू शकतो. ॲपवर सापडतो तो लहान माणूस.

तो लहान माणूस आमच्या ओळखीचा आहे. मार्च संपला आणि पाटीपुऱ्यातला एक पोरगा आमच्याकडे आला. बी.कॉम. झालेला, वडील जिनिंगमध्ये हमाल, स्वतः एका दुकानात हिशेब लिहितो. पगार वर्षाला दीड लाखाच्या आत. मित्रांच्या नादाने क्रिप्टोत पडला. एका नाण्यात ४० हजार सुटले, दुसऱ्यात ५५ हजार बुडाले. त्याचा प्रश्न होता, "दादा, मी तं वर्षभरात पंधरा हजारानं बुडालो नं, मंग टॅक्स काउन भरू?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर चीड आणणारे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात कलम ११५बीबीएच घातले. आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा नाही. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणून कायद्याच्या नजरेत त्याने १५ हजार गमावले नाहीत, ४० हजार कमावले. कर १२ हजार, उपकर ४८०. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो, विक्री नफ्यात असो की तोट्यात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला जी सूट आहे, ती अशा विशेष दराच्या उत्पन्नाला लागू नाही. म्हणजे वर्षाला १२ लाख पगार घेणारा साहेब शून्य कर भरतो, आणि दीड लाखाच्या आत कमावणारा, वर १५ हजाराने बुडालेला हमालाचा पोरगा १२,४८० रुपये भरतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आयकर कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, हा नियम तसाच राहिला.

कुणी म्हणेल, हा जुगार आहे, जुगारावर जबर कर हवाच. पोरांनी यात पडू नये हे आम्हीही रोज सांगतो. पण शेअर बाजारातल्या सट्ट्याला तोटा वळता करण्याची मुभा आहे. तिथला खेळाडू कोण आणि इथला कोण, हे पाहिले की कायदा कुणाच्या ओळखीचा आहे ते कळते.

हे वाचताना आम्हाला १९२७ आठवते. त्या वर्षी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात आले आणि अर्थसंकल्पावर बोलले. शेतसाऱ्यावर त्यांचा आक्षेप काय होता? आयकर भरणाऱ्याला त्या वर्षी उत्पन्नच झाले नाही तर कर द्यावा लागत नाही, ठरावीक मर्यादेखालच्या माणसालाही द्यावा लागत नाही. शेतकऱ्याला मात्र पीक बुडो की येवो, तो लहान असो की मोठा, सारा भरावाच लागतो. तोट्यावर कर आणि गरीब-श्रीमंताला एकच दर, हे दोन्ही दोष त्यांनी शेतसाऱ्यात दाखवले होते. तेच दोन्ही दोष शंभर वर्षांनी मोबाइलच्या पडद्यावर आले आहेत, आणि यावर बोलणारा आपल्यातला एकही करवकील आम्हाला जिल्ह्यात सापडत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. आपल्यातलेच काही शिकलेले तरुण सांगतात की क्रिप्टो म्हणजे मुक्ती आहे. बँकेने आपल्याला कधी कर्ज दिले नाही, मॅनेजरने आडनाव पाहून फाइल बाजूला ठेवली, मग जिथे आडनावच लागत नाही असा पैसा आपला का नको? शिवाय 'रुपयाचा प्रश्न' या १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी चलन छापण्यावर पक्की मर्यादा घाला असेच म्हटले होते, आणि बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे. मग बाबासाहेब आज बिटकॉइनवाले झाले असते!

अर्ध्या वाचनाने असे होते. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती कशासाठी? सरकारच्या हातात चलन सैल राहिले की भाव चढतात आणि मजुरीवर जगणारा चिरडला जातो, म्हणून. त्यांचा सगळा रोख रुपयाच्या घरातल्या किमतीवर होता, बाजारात त्या रुपयाला किती ज्वारी येते यावर. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरजवळ होते आणि वर्षभरात १६ हजारांखाली आले. यात मजुरी घेणाऱ्या बाईने सोमवारी किती ज्वारी मिळेल हे शनिवारी कसे ठरवायचे? आणि आडनाव न विचारणारा पैसा बुडाला की दाद कुठे मागायची, तेही बघा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीयांच्या ओळखीच्या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चलने चोरीला गेली. ग्राहक भारतातले, पण पुढची कारवाई चालली सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. म्हणजे तिथेही बासेलसारखेच. ॲपवर आडनाव लागत नसेल, पण न्यायालय कुठले हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेले असते.

ते कोण ठरवते? शंभर वर्षे श्रीमंत देशांच्या बैठका ठरवत आल्या. आफ्रिकी देशांनी रेटा लावल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने करसहकार्याचा नवा जागतिक करार करण्याची रूपरेषा मंजूर केली. भारताने बाजूने मत दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये वाटाघाटी सुरू होताच अमेरिका उठून गेली. बाकीचे देश अजून बसलेले आहेत आणि काम २०२७ पर्यंत चालायचे आहे. त्यात डिजिटल सेवांवरचा कर कुणाचा, हाही विषय आहे. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा माणूस बसला म्हणून काय फरक पडला हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्या समाजाला या बैठका परक्या वाटायचे कारण नाही.

त्या पोराचे काय झाले ते सांगायचे राहिले. नव्या करप्रणालीत कर त्याला भरावाच लागणार आहे. पण त्याचा टीडीएस आधीच कापला गेला होता आणि ती रकम करातून वजा होते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. ज्यांचा वर्षभर नुसता तोटाच झाला आणि तरी टीडीएस कापला गेला, त्यांना तर रिटर्न भरल्यावर परतावा मिळू शकतो. हजार-दोन हजाराचे असे पैसे कितीतरी जणांचे तसेच पडून असतील.

येत्या रविवारी आम्ही दोन कागद शेजारी ठेवून वाचणार आहोत : क्रिप्टोच्या कराचे कलम आणि बाबासाहेबांचे १९२७ चे अर्थसंकल्पावरचे भाषण. भाषण शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे' या इंग्रजी मालिकेच्या दुसऱ्या खंडात आहे, रुपयाचा आणि प्रांतिक वित्ताचा ग्रंथ सहाव्या खंडात. एलएल.बी.च्या पोरांनी सहावा खंड आणावा, बी.कॉम.च्या पोरांनी दुसरा. ज्यांनी ॲपवर व्यवहार केले आहेत त्यांनी आपल्या पॅनवरचा २६एएस काढून आणावा. चहा आमच्याकडे, मुद्दा संपल्यावर.

जय भीम!